शाळेच्या पडवीचे सहा खांब

६ जानेवारी १९५८, सोमवार

आज झाडूभाऊंना निरुत्तर केलं!

विषय पडवीचा. एका खोलीत चार वर्ग, एकतीस मुलं आणि मी एकटी. पहिलीवाले बाराखडी ओरडू लागले की चौथीवाल्यांचं गणित बुडालंच. समोर पडवी झाली तर निम्मी मुलं बाहेर बसतील. गाव श्रमदानाला एका पायावर तयार. खांब मात्र बांबूचे म्हणतात. हे वनग्राम, जंगलखात्यानं वसवलेलं; घरापुरता बांबू घेतला तर कुणी विचारत नाही. मी म्हटलं, बांबू दोन वर्षांत वाळवी खाईल. सागाचे आणा.

झाडूभाऊ म्हणजे इथल्या गोंडांतले वडीलधारे, आमच्या तिसरीतल्या सुकरीचे वडील. त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नाही. ते म्हणाले, "सागाले हात लावता येत नाई बाई. सरकारी हाये."

मी लगेच — "मग शाळा कोणाची? सरकारचीच ना! सरकारचं लाकूड सरकारच्या शाळेला."

सगळे हसले. झाडूभाऊही हसले, डोकं खाजवत. वर्ध्याला ट्रेनिंगमध्ये वादविवादाचं पहिलं बक्षीस मला उगीच नव्हतं मिळालं.

९ जानेवारी

खांब आले! सकाळी दार उघडलं तर ओट्याशी रचून ठेवलेले. सहा. सरळसोट, सालीसकट, अजून ओले.

१८ जानेवारी, शनिवार

पडवी उभी राहिली.

तीन दिवस गाव शाळेत होतं. तळ्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बाया तळ्याची माती आणत होत्या, पुढे माझी शेजारीण गोकुळाबाई, डोक्यावर टोपलं आणि तोंडाचा पट्टा चालू. गोंड माणसांनी गवत शाकारलं. मी चिखल तुडवायला उतरले तर गोकुळाबाई ओरडल्या, "बाई, तुमी फक्त हिशोब शिकवा, चिखल आमी पाहून घेतो!" मी उतरलेच. घसरले. पोरांना दोन दिवस पुरेल इतकं हसू मिळालं.

दुपारी भैयाजी आले — जंगलखात्याचे नाकेदार, झाडं राखायला नेमलेले; गावातच राहतात. खांबाला पाठ टेकून बसले, पाणी प्यायले, धानाचं बोलले, गेले. खांबांकडे बघितलंसुद्धा नाही. वाटलं होतं, दोन शब्द कौतुकाचे बोलतील. रुक्ष माणूस.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं. मग 'महिन्याची वार्ता' वाचली.

ही वार्ता माझी लाडकी. दर महिन्याला एक ताव. प्रत्येक मुलानं एक बातमी आणायची. अट एकच, ती खरी हवी आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी. सगळ्यात खाली 'या महिन्याचा गुण'. एक ताव खळीनं भिंतीला लावते, दुसरा तालुक्याला जनपद सभेच्या कचेरीत पाठवते. कचेरीतल्यांना कळू दे की जंगलातही शाळा असते!

या वेळी डोमाच्या म्हशीला रेडकू झालं, खुशालचे पुढचे दोन दात पडले, तळ्यावर बदकं उतरली. आणि मोठ्या अक्षरात — "शाळेस पडवी झाली. ढिवर बायांनी माती वाहिली. श्री. झाडू कुमरे यांनी जंगलातून सागाचे सहा खांब आणून दिले." गुण : परस्पर साहाय्य.

झाडूभाऊ जवळ आले. "माहं नाव कुठी हाये?" दाखवलं. बोट लावून पाहिलं. म्हणाले, "पुन्हा वाचा बरं तेवढं." वाचलं. मग सुकरीकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं. गोकुळाबाई म्हणाल्या, "पुरे ना आता भाऊ, नाव उडून जाईन!"

इथे येऊन दीड वर्ष झालं. आज पहिल्यांदा वाटलं, मी इथली आहे.

३ फेब्रुवारी

शाळा-तपासनीससाहेबांचं पत्र! आमची वार्ता त्यांनी विकास गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. सगळ्या खात्यांचे अधिकारी हजर होते म्हणे. "अन्नपूर्णाबाईंचे कार्य अनुकरणीय आहे." आणि खाली — मला कायम करण्याची शिफारस मार्चमध्ये जाईल!

पत्र चार वेळा वाचलं. झाडूभाऊंना हसण्यात अर्थ नाही, आपणही त्यातलेच.

८ फेब्रुवारी, शनिवार

लिहून काढते.

अकराच्या सुमाराला जंगलखात्याचे राउंडसाहेब, भैयाजींचे वरचे, आले, बरोबर तीन माणसं. साहेबांच्या हातात आमची वार्ता. माझं अक्षर! माझी निळी शाई! बैठकीत त्यांचे वरिष्ठ बसले होते, सागाचे सहा खांब त्यांनी तिथेच ऐकले. परवाना विचारला. परवाना कुठला? खांब उपटले. मुलांसमोर. छप्पर आधी कलतं झालं, मग गवत एकदम खाली बसलं. पहिलीतली मंगली रडायला लागली, तिची पाटी आत राहिली होती.

साहेबांनी मला विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"छान अक्षर आहे," म्हणाले.

पुढचं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

भैयाजींकडे गेले. वाटलं, तेच चुगलखोर. रागातच गेले. ते अंगणात खाट विणत होते, मान वर केली नाही.

"बाई, मले का आंधळा समजता? जंगलात रोज फिरतो मी. सागाचे सा बुंधे दिसनार नाईत? पाहून नाई पाह्यलं. शाळेचं होतं. समदं गाव पाहून नाई पाहे. तुमी लिहून काऊन धाडलं?"

म्हटलं, खरी बातमी होती.

"खरी होती ना," भैयाजी म्हणाले. "मनून त बोलत नव्हतो."

आता त्यांचीही चौकशी आहे. मी रुक्ष म्हटलं होतं त्यांना.

१२ फेब्रुवारी

गोकुळाबाईंकडून कळलं. झाडूभाऊंचं नाव वनग्रामातून कापणार. इथली जमीन खात्याची. नाव कापलं की घर मोडायचं आणि निघायचं. बायकोचा भाऊ पार अहेरीकडे आहे, तिकडे जावं लागेल. त्यांच्या वडिलांच्या नावाचा दगड इथे मोहाच्या झाडाखाली उभा आहे. नवं धान आलं की पहिला दाणा त्याच्यापुढे ठेवतात. दगड काही बैलगाडीत घालून नेत नाहीत.

सुकरीही जाणार. 'ऱ्ह' लिहायला कालच शिकली.

१६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सगळं गाव मार्कंड्याच्या जत्रेला. झाडूभाऊ घरीच, त्यांना गाव सोडायची मनाई आहे. मीही गेले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

१९ फेब्रुवारी

मी काही तोडायला सांगितलं नव्हतं. आणा म्हटलं होतं.

हे वाक्य आज दिवसभर मनात घोळवलं. दुपारपर्यंत जरा बरं वाटत होतं. मग चौथीच्या मुलांना 'कारण आणि परिणाम' शिकवताना स्वतःचीच लाज वाटली. सागाचा खांब तोडल्याशिवाय कसा येतो? ते नको म्हणत होते. मी शब्दात पकडलं, चार माणसांत हसं केलं, म्हणून गेले ते जंगलात. बक्षीस मिळवलेली जीभ माझी. कुऱ्हाड तेवढी त्यांची.

साहेबांना सांगितलं तर? सरकारी नोकर, सरकारी झाड तोडायला लावते. शिफारस मार्चमध्ये जायची आहे. कायम होणं दूरच, काढूनच टाकतील. पुन्हा वर्धा, पुन्हा थोरल्या दिरांचं घर, पांढऱ्या लुगड्यात त्यांच्या चुलीपुढे. नाही. नाही जाववणार.

झाडूभाऊंसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिहिला. सुरेख भाषेत. खात्याकडे पाठवला. भित्री आहेस, अन्नपूर्णे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

महिन्याची वार्ता. कुणी बातमी देईना. शेवटी डोमा म्हणाला, "शाळेची पडवी पडली." मी म्हटलं, दुसरी सांग. तो म्हणाला, "दुसरी नाई पाह्यली."

सुकरी उठली. "माहा बाप रोज मोहाखाली जाऊन बसते."

लिहिलं नाही. ताव गुंडाळून पेटीत ठेवला. गोकुळाबाई दारातून पाहत होत्या, मी वर पाहताच तळ्याकडे वळल्या. पाहून न पाहणं हे गाव माझ्याबाबतीतही करतंय की काय?

१ मार्च

काल झाडूभाऊंना रेंज ऑफिसात नेलं होतं, जबाबासाठी. भैयाजी बरोबर गेले. आज सांगत होते —

"वाटेनं मी समजावलं त्याले. मनलं, चार साग वादळानं पडले होते असं सांग, दोनच तोडले मन. हलकं होईन. साहेबानं विचारलं, किती तोडले? हा मने, सा. कोनं तोडले? मी. कशानं? माह्या कुऱ्हाडीनं. साहेब बी पाहतच राह्यला! असा माणूस हाये बाई. खोटं त्याच्या तोंडातूनच निघत नाई."

म्हणजे संपलं. आणि माझं नावही सांगितलं असणार. विचारलं तर सांगणारच तो माणूस. आता बोलावणं येईल.

खरं सांगू? भीती वाटली तशीच सुटकाही वाटली. मला तोंड उघडावं लागणार नाही.

४ मार्च

बोलावणं नाही. पोस्टमनची वाट पाहते नि तो आला की घरात पळते.

६ मार्च, गुरुवार

भैयाजी जबाबाचा कागद घेऊन आले. खाली साक्षीदार म्हणून लिहिता-वाचता येणाऱ्या गावकऱ्याची सही हवी. खात्याचा माणूस चालत नाही, गावात तशी मी एकटी. कागद ठेवून गेले, उद्या नेतो म्हणाले. साहेब त्याच्यावर हुकूम करणार, झाडूभाऊंनी महिन्याअखेर निघायचं.

वाचला. भैयाजींनी सांगितलं तसाच. सहा. मी. माझ्या कुऱ्हाडीने. पुढे —

"प्रश्न : लाकूड आणण्यास कोणी सांगितले?
उत्तर : कोणीही नाही. माझ्या मनाने आणले."

पुन्हा वाचलं. खाली अंगठा.

मधली सुट्टी व्हायची होती. मुलांना तसंच सोडून गेले. झाडूभाऊ मोहाखाली बसले होते. झाडाला अजून फुलं नाहीत, नुसते गोंडे. मी उभ्या-उभ्याच म्हटलं, "तुम्ही खोटं बोललात!"

"हो ना," ते म्हणाले. "एकच बोललो."

"का पण? मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही नको म्हणत होता!"

झाडूभाऊ वैतागले. इतके वैतागलेले मी त्यांना पाहिले नव्हते. "तुमचं नाव घेतलं असतं त तुमाले इथून काढलं असतं. तुमच्या आंधी चार सालात एक बी मास्तर टिकला नाई इथी. पोट्टे ढोरामांगं. मले राह्याले जंगल कुठी बी भेटन. मास्तरीन कुठी भेटते?"

मी रडायला लागले, अगदी मंगलीसारखी. ते जरा वेळ दुसरीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "तुमी लय लिवता बाई. तेवढं कमी करा. शिकवता मात्र चांगल्या."

"आणि सुकरी?"

यावर ते उठले, दगडाजवळची वाळली पानं हातानं बाजूला केली.

परत आले तर मुलं आपणच पाढे म्हणत बसली होती.

आता संध्याकाळ. गोकुळाबाई तळ्यावरून मासे घेऊन आल्या, वाटीभर कालवण ठेवून गेल्या. कागद समोर आहे. सही केली तर शाळा राहील, मी राहीन, मुलं राहतील. त्यांना हेच हवं आहे. त्यांनी आयुष्यात एकदा खोटं बोलून ते विकत घेतलंय. मी ते मोडणारी कोण? आणि न मोडता उद्यापासून त्या भिंतीसमोर 'या महिन्याचा गुण' कोणत्या तोंडानं लिहिणार?

दोन्ही बाजू नीट मांडता येतात मला. बक्षीसच आहे त्याचं.

७ मार्च, शुक्रवार

साक्षीदाराच्या जागी सही केली नाही. 'कोणीही नाही' याच्या खाली लिहिलं — "हे खरे नाही. सागाचे खांब आणा असे मी सांगितले. ते नको म्हणत होते." पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

भैयाजींनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं. घडी करून खिशात ठेवलं नि सायकलवर बसले. हाक मारून कागद परत मागावा असं वाटत राहिलं, ते नाला ओलांडून जाईपर्यंत.