खरवडलेली तार

३ डिसेंबर
रविवारी कन्येच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन. तिचा विषय विद्युतचुंबक. आज तिने तार आणि होकायंत्र घेऊन दाखवलं. तारेत वीज सोडली की शेजारची सुई वळते. तीच तार खिळ्यावर गुंडाळली तर खिळ्याचं चुंबक होतं. म्हटलं, पुढचं माझ्यावर सोड. ती म्हणाली, टाचण्या उचलल्या तरी पुरे. टाचण्या! मी इस्त्री उचलून दाखवणार.

मागच्या वर्षी मी केलेला ज्वालामुखी मुख्याध्यापिकांच्या पर्समध्ये उतू गेला. तेव्हापासून कन्या मला काही विचारत नाही, थेट आईकडे जाते. मनाला लागतं. या वेळी तिने चारचौघांत सांगावं, हे माझे बाबा. बाकी काही नको.

संकल्प: बायकोचा सल्ला घ्यायचा नाही.

४ डिसेंबर
मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली. घरी येऊन बघतो तर वर लालसर व्हार्निशचा थर! नव्याच्या नावाखाली रंगवलेला माल गळ्यात मारला. विजेला वाट मोकळी नको? पॉलिश पेपर घेऊन बसलो.

५ डिसेंबर
ऑफिसला दांडी. कळवलं: पोटदुखी. दिवसभर खरवडलं. बोटं सोलली, पण तार सोन्यासारखी झळकतेय. बायको म्हणाली, तो थर मुद्दाम दिलेला असतो. तिला म्हटलं, तू तुझं शिवणकाम बघ. (मनातल्या मनात.) कन्येने उरलेली तार मागितली. देऊन टाकली, घाणेरडीच होती.

६ डिसेंबर, सकाळ
खिळ्यावर वेढ्यांवर वेढे. बॅटरी जोडली. इस्त्री हलली नाही. फाजील जड आहे. निवड बायकोची.

दुपार
कुलूपही नाही.

संध्याकाळ
टाचणीसुद्धा नाही. बॅटरी मात्र चांगलीच तापली. म्हणजे शक्ती आहे, फक्त बाहेर यायला लाजतेय.

७ डिसेंबर
बॅटरी कमी पडते. शेजारच्या काकांच्या स्कूटरची काढून आणली. विचारूनच आणली, पण ते झोपले होते. जोडली. ठिणग्या. टेबलक्लॉथला भोक. तार लालबुंद, टाचणी ढिम्म. निष्कर्ष: टाचण्या निकृष्ट. खाली काका स्कूटरला किक मारमारून घामाघूम झालेत. खिडकी लावून घेतली.

८ डिसेंबर
शेवटचा उपाय: खिळ्याच्या टोकाला गोंद. थोडासाच. विज्ञानाला हातभार.

कन्येने पाहिलं. ओरडली असती तर परवडलं असतं. माझी गुंडाळी उचलून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलं ते केवळ बायकोचं मन राखायला. काकांची बॅटरी कन्याच देऊन आली. माफी कुणाच्या नावाने मागितली, विचारलं नाही.

९ डिसेंबर
पहिलं बक्षीस!

कन्येने दोन खिळे मांडले होते. एकावर उरलेली तार, थरासकट. फक्त दोन टोकं तिने खरवडली होती. एक चिमुकली बॅटरी, आणि खिळ्याला टाचण्यांचा घोस लटकलेला. दुसरी गुंडाळी माझी, गोंद पुसलेली. ती येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत होती की थर असला की विजेला एकेक वेढा फिरावाच लागतो, म्हणून खिळ्याचं चुंबक होतं. थर काढला की वेढे एकमेकांना टेकतात आणि वीज कामचुकारासारखी आडवाटेने पळते. हे सांगताना तिने माझ्याकडे बघायची काही गरज नव्हती.

परीक्षकांनी विचारलं, एवढी तार खरवडत बसलं कोण? तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, हे माझे बाबा.

सगळा हॉल होकायंत्राच्या सुईसारखा माझ्याकडे वळला. मी हात जोडले.

तात्पर्य: माझ्या गुंडाळीशिवाय बक्षीस अशक्य होतं.

घरी येताना तिने माझं सोललेलं बोट धरलं. म्हणाली, पुढच्या फेरीला मोठी गुंडाळी हवी, तेव्हा अजून तार खरवडून द्या, इतकं नीट दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

पॉलिश पेपर संपलाय. उद्या ऑफिसला पोटदुखी कळवणे.