टाकीचं कपाट

३ नोव्हेंबर
घर आणि पाणी तापवणारा बॉयलर गचकला. ऐन थंडीत, तेही हॅलिफॅक्सला! हिलरी म्हणाली, डंकन गॅसवाल्याला विचार, त्याला कळतं. मग बायकोच्या मते मला काय कळतं? वहीत तीन रकाने आखले. तिन्ही प्रकारचे बॉयलर तोलून शनिवारच्या आत निर्णय. शास्त्रशुद्ध.

९ नोव्हेंबर
शनिवार गेला. रकाने मात्र सुरेख झालेत. सासरे, विल्फ, वय चौऱ्याऐंशी, टोपी घालून जेवतात. कुरकुर नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं. गरम पाण्याची टाकी विजेवरही तापते म्हणून निभतंय. टाकी ज्या कपाटात आहे तिथे ठेवून उबदार झालेला बनियन विल्फ रोज सकाळी चढवतात. तेवढीच त्यांची चैन.

११ नोव्हेंबर, दुपारी
डंकन येऊन गेला. म्हणाला, दोन बाथरूम आहेत, टाकीवालाच घ्या. कॉम्बी बॉयलर पाणी लागेल तेव्हाच तापवतो, त्याला टाकी लागत नाही, पण दोन नळ एकदम सोडले की एक गार पडतो. एका वेळी आंघोळीला किती जण? मी म्हणालो, एकच, आम्ही शिस्तीचे लोक.
खोटं कसलं? पुढे शिस्त लावणारच आहे. टाकी गेली की त्या कपाटात माझी खेळण्यातली रेल्वे मावते, हा निव्वळ योगायोग. कपाट मी गेल्या वर्षीच मोजलं होतं. ते कुणाला कशाला सांगा?

१५ नोव्हेंबर
कॉम्बी बसला. रेडिएटर गरम. संध्याकाळी रूळ टाकले, बोगद्यासकट.

१६ नोव्हेंबर, सकाळी
मी शॉवर सोडला. पलीकडच्या बाथरूममध्ये विल्फ, अंगाला साबण, पाणी गार. ते ओरडलेसुद्धा नाहीत. हिलरी ओरडली, बाबांना न्यूमोनिया करायचाय का?
मग विल्फ कपाटाशी गेले. बनियन मालगाडीवर, गारठलेला. तो चढवत म्हणाले, छान आहे रे लायनेल, स्टेशनाचं नाव काय ठेवलंस?
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ नोव्हेंबर
डंकनला फोन. टाकी परत बसेल? म्हणाला, ती गेली भंगारात, आणि तुम्ही तर शिस्तीचे लोक ना! हिलरीला खरं सांगायचं ठरवलं. उद्या नक्की.

२१ नोव्हेंबर, सकाळी ६
रेडिएटरवर बनियन कडक होतो, विल्फना टोचतो. म्हणून चार दिवस मीच तो स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसतो. अर्धा तास पुरतो. टाकीची गरज नाही, हे सिद्ध.
आज हिलरीने पाहिलं. सगळं सांगून टाकलं. मोजमापाचंसुद्धा.  मग ती म्हणाली, उद्यापासून पाचला ऊठ. टॉवेलही आहेत, तीन.