सडव्याची वाकळ

बापू, आज इडलीचं पीठ वाकळीत गुंडाळताना तुमची आठवण आली. चांगली नाही. जिंतुरात थंडी पडली आहे, उघड्यावर ठेवलं तर पीठ फुगत नाही. ऊब कशी धरायची हे तुम्हीच शिकवलंत, एवढं कबूल करते.

झरीला आपल्या पत्र्याच्या घरात मी सातवीत होते. मोहाच्या दारूचा सडवा, म्हणजे फुलं भिजवून आंबायला घातलेलं पिंप, तुम्ही आधी उकिरड्यात पुरायचात, शेणाच्या उबेत तो आपोआप आंबून यायचा. मग पोलीस उकिरड्यात सळया खुपसायला लागले आणि पिंप घरात चुलीजवळ आलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या दोन लुगड्यांची ही वाकळ माझ्या अंगावर असायची. ती तुम्ही काढून पिंपाला गुंडाळलीत.

"बापू, मला थंडी वाजायलीय."

"गोणपाट घे. ह्याला थंडी बाधली तर खायचं काय?"

रोज सकाळी तुम्ही पिंपाला कान लावायचात. आत बुडबुडे फुटत असले की तुमचा चेहरा उजळायचा. "बोलायलाय," म्हणायचात. एके दिवशी माझ्या छातीत कफ दाटला होता, खोकला थांबेना. पिंपावरचा कान न काढता तुम्ही म्हणालात, "गप. ऐकू येईना."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बाहेर पडलात की मी वाकळ सोडायचे. पिंपात रांजणातलं गार पाणी तांब्याभर ओतायचे आणि वाकळ पांघरून दुपारभर झोपायचे. तुम्ही यायच्या आत ती पुन्हा पिंपाला. चौथ्या सकाळी तुम्ही बराच वेळ कान लावून बसलात. "मेला," म्हणालात. सडव्यात घालायचा नवसागर देणाऱ्याला शिव्या घातल्यात, त्यानं भेसळ केली म्हणून. सगळं पिंप नालीत ओतलंत. मी दारात उभी राहून शेवटपर्यंत पाहिलं. खोकला तेव्हाही येत होता, पण पोट भरल्यासारखं वाटत होतं.

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात तुम्ही इथं माझ्याकडे होतात. आतल्या खोलीतून म्हणालात, "लय गारठा हाय गं. तुझ्या आईची वाकळ दे."

"धुवायला टाकलीय."

ती पेटीत होती, तुमच्याच खाटेखाली. मी दोन विकतची ब्लँकेटं दिली, लोकांना बोलायला जागा नको म्हणून. तुम्ही खोकत राहिलात. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून म्हणाले, "गप. ऐकू येईना."

तुम्ही ओळखलंत. त्यानंतर तुम्ही तोंडावर ब्लँकेट दाबून खोकायचात. आठ दिवस, शेवटपर्यंत. मला पश्चात्ताप झाला असं लिहिणार नाही. झाला नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक लिहून ठेवते. टीव्हीचा आवाज मी बंद केलेला होता. कान तुमच्या खोलीकडेच होता.