चारुताच्या मुलाखतीचं गाऱ्हाणं

आचरा, मंगळवार

चि. गौरजास भाईमामाचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? (एसीत बसून पगार घ्यायचा म्हणजे खोकला आलाच.) आम्ही दोघं बापलेक इथे खुशाल.

पत्रास कारण, आमच्या चारुताने तुझ्याच कंपनीत अर्ज केला. जागा गुंतवणूक खात्यातली, आणि पोरगी आकड्यांत वाघीण. पण अर्जात कॉलेजांची यादी होती: मुंबई-पुण्याची सात नावं (तुझं पहिलं) आणि तळाला ‘इतर’. आमचं मालवणचं कॉलेज त्या ‘इतर’मध्ये! माझं डोकंच फिरलं.

तरी बोलावणं आलं. मुलाखत लॅपटॉपवर. आता शुभकार्याआधी देवाला गाऱ्हाणं नको? शेजारच्या दाजींना बोलावलं (देवळातली गाऱ्हाणी तेच घालतात). लॅपटॉपपुढे नारळ ठेवला आणि दाजींनी आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! आज ह्या चेडू मुलाखतीक बसता हा. कॉलेज खंयचा म्हणान कोणी इचारल्यान, तर तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!" आम्ही पाच-सहा जण एका दमात, "व्हय म्हाराजा!" नारळ उचलला, तर मागे पडद्यावर दोन साहेब आणि एक बाई. कॅमेरा केव्हाचा चालू होता.

चारुताने माझ्याकडे असं पाहिलं (तुझी मामी पाहायची तसं) की मी दाराआड जाऊन उभा राहिलो. त्या बाई हसल्या आणि नेमकं तेच विचारलं, हेच कॉलेज का निवडलंत? पोरगी म्हणाली, घराजवळ होतं, आवडलं. पुढची उत्तरं तिने धडाधड दिली. निकाल शुक्रवारी आहे.

तू शब्द टाकावास म्हणून हे लिहीत नाही. वशिल्याचं मला वावडं आहे. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायला जागा नाही.

तुझा भाईमामा

ता. क. कुळथाचं पीठ आणि कोकमाची सोलं पाठवतोय. (साहेबांना थोडी दिलीस तर माझी हरकत नाही.)

आणखी एक ता. क. वशिल्याचं वाक्य खोडलं असं समज. शब्द टाक, पण एवढाच. चारुताला तुझ्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तुझी मामी जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मी जा म्हटलं खरं, पण ती बॅग भरत असताना रडत बसलो. तिने बॅग रिकामी केली. तीन वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही गो. मुलाखतीतसुद्धा ‘आवडलं’ म्हणाली, कारण मी दाराआड उभा आहे हे तिला ठाऊक होतं. एवढं त्या बाईंना सांग.