आतली खोली, नऊ दिवस

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई, ३ सप्टेंबर २०२५

ती. दैवशालाअक्कास,
सोमेश्वरचा सा. न. वि. वि.

फोनवर मी हो-हो करतो आणि विसरतो असं तू म्हणतेस, म्हणून लिहितोय. गुडघा कसा आहे?

काल जुन्या जालन्यात आपल्या घरी गेल्तो. भाडेकरू अवधूतरावांना म्हटलं, नवरात्र आलं, आतली खोली नऊ दिवस मोकळी लागेल, आईच्या देवाच्या कोनाड्यापुढं घट बसवायचाय. त्यांनी विचारलं, हे कधी ठरलं? करारात मी लिहून घेतलं होतं, ‘सणावाराला उभयतांनी परस्परांची सोय पाहावी.’ तेव्हा वाक्य फार छान वाटलं होतं. त्यांच्या पत्नीला, कल्याणीबाईंना, नववा महिना आहे. खाट त्याच खोलीत आहे.

आईच्या माघारी सतरा वर्षं तिथला घट चुकला नाही. काय करू?

तुझा, सोमेश्वर


वडीगोद्री, ९ सप्टेंबर

चि. सोमेश्वर यास अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथंच आहे. पत्र वाचून आधी भाडेकरूचा राग आला, मंग तुझा. वावर बटईनं देताना बांधावरची बोर कुणाची, कडबा कुणाचा, बोट दाखवून बराबर सांगतोस. आणि घर देताना सोय पाहावी? खरं सांग, नऊ दिवस खोली मागितली तर माणूस परत जाईल ह्याची भीती होती ना?

घट चुकवायचा न्हाई. पण माझी मीना झाली तेव्हा माझी खाट कुणी हलवली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आता तूच बघ. काय ठरलं ते सरळ कळव, गोल गोल न्हाई.

अक्काचा आशीर्वाद आहेच.


पिंपळगाव रेणुकाई, १६ सप्टेंबर

ती. अक्कास, सा. न.

भीतीच होती. आधी घर बघायला आलेले दोघे देवाचं ऐकूनच परत गेल्ते.

परवा जालन्याला जाऊन चूक कबूल केली. ते वाक्य तिघांनी वाचलं, अर्थ कुणालाच सांगता येईना. कल्याणीबाईंनीच वही घेतली. कोणत्या दिवसापासून, किती माणसं, स्वयंपाक कुठं, एकेक विचारून लिहिलं: घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत आतली खोली मालकाकडे, दरवर्षी, दोन महिने आधी आठवण देऊन. खाली मी माझ्या हातानं लिहिलं, यंदा नाही. दोघांनी सह्या केल्या.

कल्याणीबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला पाहिला आणि मलाच हलकं वाटलं. निघताना त्यांनी विचारलं, तुमच्या आई घटाला माती कुठली घ्यायच्या? मी अंगणातला कोपरा दाखवला. अवधूतरावांनी तिथली पिशवीभर माती काढून दिली. ती देवापुढं ठेवलीय. सोमवारी इथंच, माझ्या देवघरात, त्याच मातीत धान पेरायचं.

सोयीनं ये असं लिहीत नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं ये, दसऱ्यापर्यंत राहा. फाट्यावर गाडी घेऊन मी उभा असेन.

माया आहे ती असू दे.
तुझा, सोमेश्वर