बॉल नसताना

३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी बँक, मग भाजी. संध्याकाळी दामू पाटील आला, सु.च्या हॉकीतल्या प्राचीचा बाप. सु. गेल्यावर भेटायला आला होता, त्यानंतर आजच. पाच महिने. खुर्चीत टेकायच्या आधीच विषय. "सर, वरीस झालं, टीमवाल्यांनी पोरीला बाकावरच बसवलीय. एक गोल नाय. शुक्रवारी दुसऱ्या वर्साच्या कराराची सही हाय. करू, का घरी आनू? म्याडम असत्या तर त्यांना इचारलं असतं. आता तुमी सांगा."
मी? शाळेत हॉकी शिकवायची सु. मी तिचा नवरा, मैदानाच्या कडेला छत्री धरून उभा. म्हटलं, बघून सांगतो.

४ फेब्रुवारी, बुधवार
खाली बाकड्यावर प्राचीचाच निकाल चालला होता. निवड झाली तेव्हा याच मंडळींनी नाक्यावर फ्लेक्स लावला. 'घणसोलीची वाघीण'. पोरीचा फोटो टिकलीएवढा, शुभेच्छुकांची डोकी कलिंगडाएवढी. आता सेक्रेटरी नाईक म्हणतो, "फुसका बार निघाला." नाईकने आयुष्यात काठी धरली ती सोसायटीतली कुत्री हाकलायला. कामत म्हणे, शाळेत एवढे गोल मारायची, आता काय झालं? टीमने तिला पुढून काढून बचावात घातलंय, हे एकालाही माहीत नाही. वॉचमनला विचारायचं, आज किती घरं फोडलीस?
नाईक माझ्याकडे वळून, "काय सर, वहिनींचा अंदाज चुकला म्हणायचा."
उठून वर आलो. रात्री प्राचीची मॅच शोधून ठेवली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी मोबाईलवर तिची मागची मॅच लावली. सु. म्हणायची, "बॉलकडे गाढवंही बघतात. बॉल नसताना पोरगी कुठे उभी आहे ते बघा." इतकी वर्षं ऐकलं, केलं आज. प्राची शेवटी थोडा वेळ आत आली. तिच्या बाजूने समोरच्यांनी पास टाकायचंच सोडलं. ती आधीच तिथे. नाईकला सात जन्मांत दिसणार नाही. बरं वाटलं, फार.
मग एक बॉल तिच्या स्टिकखालून निसटला. पोरगी मागे धावली नाही. मान खाली घालून उभी. गोल झाला. पुन्हा लावून पाहिलं. उभीच.
नाईकच्या नाकावर टिच्चून 'उत्तम आहे' सांगायचं ठरवून बसलो होतो. सु.ने सांगितलं नसतं. निवडीच्या दिवशी म्हणाली होती, "आता दोन वर्षं हिच्याबद्दल कुणी तोंड उघडू नये. मीसुद्धा."
संध्याकाळी दामूला फोन. दिसलं ते दोन्ही सांगितलं.
"मंजे चांगली का वाईट?"
"आत्ताच ठरवता येत नाही, दामू. अजून एक वर्ष दे तिला."
"वरीसभर बसून पन ठरत नाय? सर, तुमी लई सांभाळून बोलता. म्याडम सरळ बोलायच्या."
ठेवला त्याने.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
आज सहीचा दिवस. दामूचा फोन नाही. लिफ्टमध्ये नाईक. "पाटलाची पोरगी परत येतेय म्हणे?" कोण म्हणालं, विचारलं. "असंच, वाटलं." या माणसाची बातमी आणि ढेकर एकाच ठिकाणाहून येतात.
दामूला मीच लावावा का? लावून नवीन काय सांगणार? चांगली आहे म्हटलं तर सही करेल. पण ते मला माहीत कुठे आहे...
दुपार गेली. फोन टेबलावर उताणा ठेवला आणि मटार सोलत बसलो.