दोन बिस्किटांचं गणित

चि. धाकटीस, थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे जिना चढू देतात ना? आम्ही दोघं ठणठणीत, म्हणजे डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांना तसं वाटतं. दोघांच्याही साखरेला आता पंधरा वर्षं झाली. पत्र नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि तुझे भावोजी लिहीत आहेत. (लिहा हो, आत्ताच तोंड वाकडं नको. तुमची पाळी पुढे आहे.)

तर दोन महिन्यांमागे डॉक्टरांनी ह्यांना बजावलं, साखर उतरली नाही तर रोज पोटात सुई. ज्या गणिताच्या मास्तरांपुढे अख्खी शाळा कापायची, त्यांचे पाय लटपटले. त्या दिवसापासून घरात येणारं प्रत्येक पाकीट चष्मा लावून वाचायचं, आणि मी पडले अडाणी, म्हणून मी गप्प बसायचं. बिस्किटंसुद्धा बारीक अक्षरं वाचूनच आणली. साखर फक्त तीन ग्रॅम, म्हणाले, आणि दोन्ही वेळच्या चहाला अख्खा अख्खा पुडा फस्त! साखर शिडी लावल्यासारखी वर. दोष कुणाला? माझ्या स्वयंपाकाला. मग मीही हट्टाला पेटले. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंच्या वर्गात ह्यांना आणि रिकामा पुडा घेऊन गेले आणि वीस पेशंटांसमोर विचारलं, बाई, मला वाचता येत नाही, पण तीन ग्रॅममध्ये एवढा पुडा गोड होतो कसा? बाईंनी वाचलं, हसू दाबलं आणि म्हणाल्या, आजी, हा आकडा दोन बिस्किटांचा आहे, पुड्यात आहेत चोवीस. आणि ह्यांनाच फळ्याजवळ बोलावलं. बारा त्रिक छत्तीस, स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं गं! (छत्तीसच लिहा. शेजारणीकडून वाचून घेणार आहे.)

तेव्हापासून बशीत मोजून दोन. काल तपासणीचा कागद आला, साखर उतरली, सुई टळली! ह्यांनी भर रस्त्यात माझा हात धरला, या वयात. (हे गाळलंत तर बघा.)

तुझी,
थोरली

ता. क. वरील मजकूर सांगितल्याबरहुकूम लिहिला आहे. पाय लटपटले नव्हते. — भावोजी

आणखी ता. क. हे अक्षर शेजारच्या शिवणवाल्या बाईंचं. हे फिरायला गेलेत. धाकटे, ह्यांनी भरून ठेवलेले अकरा पुडे टाकवेनात गं, अन्न ते. मीच संपवले. दोन-दोनच खाल्ली, पण दर तासाला. आता माझी साखर ह्यांच्या वर गेली आहे आणि सोमवारी आहारवाल्या बाई मला फळ्याजवळ उभं करणार. तूही दोन वर्षं तपासणी टाळते आहेस, मला कळत नाही होय? रविवारीच ये, सोमवारी दोघी जाऊ. आईचा ओरडा दोघींत वाटून घेतला की अर्धाच लागायचा, आठवतं ना?